आडोसा

घर लहान असते म्हणून पाहुणे दाटीवाटीने बसतात, की पाहुणे दाटीवाटीने बसतात म्हणून घर लहान वाटते? प्रश्न वरवर दिसतो तितका पोरकट नाही. कुठलीही वस्तू कुरकुरू लागली, की तिच्या जुनेपणाला बोल लावून माणूस मोकळा होतो. कपाटाचे दार लागेनासे झाले, की सुताराला बोलावणे जाते. आत किती गाठोडी कोंबली आहेत, हे पाहण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या लॅपटॉपच्या वाट्याला हेच आले.

तसा तो काही म्हातारा नव्हे; चार वर्षांचाच. परंतु त्याची चाल एकाएकी अशी मंदावली, की एखादे पान उघडायला सांगावे आणि पडद्यावरचे ते छोटे वर्तुळ गरगरत राहावे. तेवढ्यात मी चहाचे आधण ठेवून, चहा गाळून, पिऊन परत येई. वर्तुळ आपले गरगरतेच आहे! साहजिकच घरात वैद्यमंडळ बसले. ह्यांनी नवा लॅपटॉप घेण्याचे सुचवले. बारावीतल्या कन्येने रॅम वाढवण्याचा उतारा सांगितला. सातवीतल्या चिरंजीवांचा वहीम वायफायवर होता; त्यांचे जुने वैर त्याच्याशीच आहे. सासूबाईंनी आपल्या गुडघ्यांचा दाखला दिला आणि म्हणाल्या, "अगं, वय झालं की असंच होतं. त्याला जरा दमानं घेऊ दे." कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तर झाकण उघडण्याआधीच निकाल दिला, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे आतले सगळे धुऊनपुसून नव्याने मांडामांड. घरात ढेकूण झाले म्हणून घरच पाडायचे, त्यातलाच हा प्रकार!

मी मराठीची प्राध्यापिका. यंत्रांशी माझा संबंध बटणापुरता. परंतु जुन्या पोथ्यांच्या अभ्यासाने एक सवय लागते. पाठ बिघडलेला दिसला, की मूळ ग्रंथकाराला दोष देण्याआधी पाहावे, मध्ये कुणी पदरचे काय घातले आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती निरनिराळ्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून. म्हटले, हीच रीत लॅपटॉपला लावून पाहू.

पहिली परीक्षा सोपी होती. लिहिण्याचे काम, हिशेबाचे तक्ते, साठवलेली गाणी, सारे सुरळीत चालत होते. म्हणजे यंत्राचे हातपाय धड होते. त्याच वायफायवर फोन झरझर पाने उघडत होता. म्हणजे चिरंजीवांचा वैरीही निर्दोष. उरला ब्राउझर. त्यात एक खाजगी खिडकी असते. आपण वरून जोडलेली एक्स्टेन्शने सहसा तिच्यात चालत नाहीत. त्या खिडकीत तेच पान उघडून पाहिले, तर निम्म्या वेळात उघडले. त्याअर्थी दुखणे ब्राउझरच्या अंगाखांद्यावर येऊन बसलेल्या मंडळींचे होते.

ही मंडळी मोजण्याची सोय ब्राउझरातच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोजवर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही दोन बटणे एकदम दाबली, की एक यादी समोर येते: कोण किती स्मृती अडवून बसला आहे, कोण किती मेहनत करून घेतो आहे. फायरफॉक्समध्येही अशी यादी आहे. आमच्याकडच्या यादीत त्रेचाळीस उघडी पाने निघाली. सासूबाईंची तीन कीर्तने, ह्यांचे शेअर बाजार, चिरंजीवांचे क्रिकेट, कन्येचे पदार्थविज्ञान, आणि मागच्या दिवाळीत मी उघडलेली अनारशांची कृतीसुद्धा! आणि अकरा एक्स्टेन्शने. त्यांतली दोन कामाची. बाकी नऊ कुणी बोलावली, हे कुणालाच आठवेना. एक माउसच्या बाणाचा मांजराचा पंजा करीत असे. दुसरे खरेदीवर सवलतीची कुपने शोधून देई. त्या दुसऱ्याने कोणकोणत्या परवानग्या घेतल्या आहेत ते मी उघडून वाचले. त्यात सरळ लिहिले होते, की तुम्ही ज्या ज्या संकेतस्थळावर जाल तिथली तुमची सारी माहिती हे वाचू शकते आणि बदलूही शकते. चार पैशांच्या सवलतीसाठी कुणाला घरात ठेवून घेतले होते पाहा! बँकेचे पानसुद्धा त्याला वर्ज्य नव्हते.

नऊ जणांना नारळ दिला, जुनी पाने मिटली, ब्राउझरची नवी आवृत्ती घेतली, आणि अर्धा ताप उतरला. उरलेला अर्धा मात्र एका विशिष्ट जागी चढत असे: बातम्यांची पाने उघडताना.

ब्राउझरमध्ये जिज्ञासूंसाठी आणखी एक खिडकी असते. पान उघडताना पडद्यामागे कुठे कुठे निरोप जातात, ते तिच्यात दिसते. मी एक साधीशी बातमी उघडली. मजकूर छापील अर्ध्या रकान्याचा. निरोप मोजता मोजता मी शंभरावर थांबले. बातमी एका ठिकाणाहून आली होती, आणि बाकीची वर्दळ भलत्याच नावांच्या दारांवर चालू होती. माझ्या पोथीत प्रक्षेप शिरले होते; नव्हे, प्रक्षेपांच्या गर्दीत चार ओळी मूळ संहितेच्या सापडत होत्या. हा अनुभव काही माझ्या एकटीचा नव्हे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दहा लाख संकेतस्थळे तपासली, तेव्हा पाळत ठेवणाऱ्यांची सर्वांत जास्त दाटी त्यांना बातम्यांच्या स्थळांवरच आढळली. वाचकाकडून पैसे घेता येत नाहीत, तेव्हा ते जाहिरातीतून काढायचे, हे त्यामागचे अर्थशास्त्र.

आणि ही जाहिरात पूर्वीसारखी राहिलेली नाही. पूर्वी साबणाची जाहिरात सगळ्यांना सारखी दिसे. आता आपण पान उघडतो, तेवढ्यात त्यावरच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. साधारण एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बोली लागते, वाढते, तुटते, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात आपल्यासमोर झळकते. बोली चौकटीवर लागत असली, तरी किंमत ठरते ती पाहणाऱ्यावरून. म्हणून पाहणारा कोण, काल त्याने काय पाहिले, परवा काय विचारले, हे बोली लावणाऱ्याला हवे असते.

ते त्याला कळते कसे? देवळाबाहेर चपला ठेवल्या, की आपल्याला एक बिल्ला मिळतो. परत आल्यावर बिल्ला दाखवला, की आपल्याच चपला मिळतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तंत्रज्ञाने ब्राउझरसाठी असाच बिल्ला काढला आणि त्याला कुकी म्हटले. हेतू अगदी साधा होता: दुकानात टोपलीत टाकलेल्या वस्तू पान बदलले तरी टोपलीतच राहाव्यात. पण समजा, प्रत्येक देवळाबाहेर एकाच फुलवाल्याची माणसे बसली आहेत, आणि आपण फुले घेवोत न घेवोत, ती आपल्या पदराला गुपचूप एक बिल्ला लावतात. सोमवारी ही शंकराला आली होती, शनिवारी मारुतीला. हल्ली वाऱ्या वाढल्या आहेत, घरात काही साडेसाती दिसते! तिऱ्हाइताच्या कुकीचे काम हे असे चालते. कधी ते एका ठिपक्याएवढ्या पारदर्शक चित्राच्या आडून होते. पान वाचणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही.

इथपर्यंत हे सारे मला गमतीचे वाटत होते. वर्गात दाखला म्हणून सांगायला बरे, एवढेच. गंमत भाद्रपदात संपली.

गौरी यायच्या आठवडाभर आधी, आंघोळ करताना, छातीत एक गाठ हाताला लागली. सुपारीएवढी असेल. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली. ह्यांना सांगितले. मुलांना आणि सासूबाईंना तपासणी होईपर्यंत सांगायचे नाही, असे दोघांनी ठरवले. सासूबाईंची धाकटी बहीण याच दुखण्याने गेली. त्यांच्या कानावर हा शब्द पडला असता, तर गौरींचे मुखवटे त्या वर्षी पेटीतच राहिले असते. आणि कन्येची चाचणी परीक्षा तोंडावर आली होती. तिला मी काय सांगेन, कुठल्या शब्दांनी सुरुवात करीन, हे मी मनात घोळवून ठेवले होते. आयुष्यभर शब्दांची चाकरी केली. तेवढा हक्क मला होता.

तीन रात्री घर झोपल्यावर मी लॅपटॉप उघडून त्या विषयावर वाचले. वाचू नये म्हणतात. पण अंधारात एकटीने छताकडे पाहण्यापेक्षा ते बरे वाटे. निजण्यापूर्वी ब्राउझरचा इतिहास दर वेळी पुसून टाकीत असे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कन्या लॅपटॉपवर गणिते सोडवीत होती. गणिताच्या शेजारच्या चौकटीत गुलाबी फीत आली, आणि गाठींच्या तपासणीवर सवलत. पुढच्या पानावर एक रुग्णालय. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा तीच फीत. एकदा दिसली असती, तर तिने लक्षही दिले नसते. ती लगेच काही बोलली नाही. रात्री मी ओट्याशी भाजी निवडीत होते. ती येऊन शेजारी उभी राहिली, चार शेंगा तिनेही सोलल्या, आणि खाली पाहतच म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना गं?"

जुळवून ठेवलेले शब्द त्या वेळी एकही उपयोगी पडला नाही. "उद्या कळेल," एवढेच म्हणाले. मग आम्ही दोघींनी उरलेल्या शेंगा सोलल्या. ती रात्र तिने जागून काढली. सकाळी तिचे डोळे सांगत होते.

गाठ पाण्याची निघाली. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी सुईने पाणी काढून घेतले, "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा," म्हणाले. गौरी जेवल्या. पण एक गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जाईना. माझ्या देहाची बातमी माझ्या लेकीला माझ्याआधी एका लिलावाने सांगितली होती. तिला घाबरवून कुणी थोडीफार मिळकत केली होती. त्या कुणाला माझे नावही बहुधा ठाऊक नसेल. त्याच्या लेखी मी एक क्रमांक. तरी घरातले सर्वांत नाजूक वाक्य त्याने उच्चारून टाकले.

आणि इतिहास पुसला होता त्याचे काय? त्याचा उलगडा मला पुढे झाला. इतिहास पुसला, की आपल्या वहीतले पान फाटते. दुकानदाराच्या खतावणीतली नोंद तशीच राहते. कुकी पुसायची, तर ती वेगळी खूण करून पुसावी लागते. खाजगी खिडकीचेही तसेच. ती मिटली, की ह्या यंत्रावर मागमूस उरत नाही, एवढेच तिचे वचन. संकेतस्थळाला आपण आल्याचे दिसते, आणि इंटरनेट पुरवणाऱ्यालाही आपण कुठे गेलो ते कळू शकते. अमेरिकेत २०२० साली गूगलवर याच गैरसमजाबद्दल दावा झाला आणि २०२४ साली तडजोडीत कंपनीने साठवलेल्या असंख्य नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. नावात 'खाजगी' असले, की माणूस निर्धास्त होतो. नाव ठेवणारेही हे जाणून असतात.

स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला, तेव्हा अर्थशास्त्राचे आमचे एक सहकारी हसून म्हणाले, "अहो बाई, आपल्यासारख्या पांढरपेशांना लपवण्याजोगं असतं तरी काय?" हा प्रश्न मला अनेकांनी केला आहे, आणि तो प्रामाणिकपणे केला जातो. माझे माहेर चाळीतले. दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे नुसती फळी. शेजारी कोण कुणावर रागावले, कुणाचा पगार थांबला, कुणाच्या सुनेला कोरड्या ओकाऱ्या होतात, हे सगळ्यांना ऐकू येई. पण ऐकलेले कानाआड करण्याची एक रीत होती. सुनेने स्वतः पेढे वाटेपर्यंत सारी चाळ अजाण असे. नळावर आंघोळ करणाऱ्याकडे पाठ फिरवून माणसे बोलत. तिथे भिंती नव्हत्या, आडोसा होता. तो विटांचा नसून दुसऱ्याच्या मनाचा होता, आणि त्यामागे लपवालपवी मुळीच नव्हती. कुठली गोष्ट केव्हा आणि कुणाच्या तोंडून कळावी, हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढी ती समजूत होती. यंत्राला सगळे ऐकू येते. कानाआड करणे तेवढे त्याला कुणी शिकवलेले नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. परंतु कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत येईतो दाराला कडी लावायला हरकत नसते.

ती कडी आम्ही लावली. तिऱ्हाइतांच्या कुकी बंद केल्या. सफारी २०२० पासून त्या आपण होऊन अडवतो. फायरफॉक्सने २०१९ पासून पाळतखोरांना अडवायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक स्थळाचा बिल्ला त्या त्या स्थळापुरताच ठेवला. क्रोमने २०२० साली दोन वर्षांत त्या बंद करण्याचे जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, आणि २०२४ साली तो बेत बदलला; ज्यांची बहुतेक मिळकत जाहिरातींची, त्यांना हे जड जाणारच. तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन ते काम आपले आपणच करावे लागते. शिवाय प्रक्षेप गाळणारे एक चांगले एक्स्टेन्शन घेतले, यूब्लॉक ओरिजिन नावाचे. फायरफॉक्सवर ते पूर्ण चालते. क्रोमने नियम बदलल्यापासून तिथे त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागते. आणि नवल असे, की त्या दिवसापासून बातमीचे पान असे उघडू लागले, जणू लॅपटॉप आजच दुकानातून आणला आहे! मंदपणा आणि पाळत ही दोन दुखणी नव्हतीच. एकाच गर्दीची ती दोन लक्षणे होती. सासूबाईंना वाटते, त्याला विश्रांती मानवली.

जाहिराती गाळल्या, की वृत्तपत्राने जगायचे कशावर, हा प्रश्न उरतो. म्हणून ज्या दैनिकाची पाने रोज वाचतो, त्याची वर्गणी भरली. दारावरच्या पेपरवाल्याला महिन्याचे बिल देतोच की आपण!

याने सारे मिटले, असे मात्र मी म्हणणार नाही. बिल्ला काढून टाकला, तरी चालण्यावरून माणूस ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० साली सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले. पडद्याचा आकार, घड्याळाचा प्रदेश, बसवलेले टंक अशा बारीकसारीक खुणा जुळवल्या, तर त्यांतले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. मी माझ्या यंत्रावर हौसेने मराठी टंकांचा जो संग्रह केला आहे, तोच उद्या माझी ओळख सांगू शकेल! आणि एखाद्या खात्यात आपण नावानिशी प्रवेश केला, की त्या खात्याच्या धन्याला बिल्ल्याची गरजच उरत नाही. आडोसा म्हणजे किल्ला नव्हे. पाऊस तिरपा आला, की आडोशालाही भिजायला होतेच; म्हणून कुणी भर रस्त्यात उभे राहत नाही.

शेवटचा बदल कन्येने सुचवला. एकाच खात्यात सगळ्या घराने वावरायचे, आणि एकाचे वाचलेले दुसऱ्याच्या जाहिरातीत उगवायचे, हे तिला पटेना. लॅपटॉपवर तिने प्रत्येकाचे वेगळे खाते केले. सासूबाईंचा परवलीचा शब्द विठोबाचा आहे, आणि त्या तो येईल-जाईल त्याला मोठ्या कौतुकाने सांगतात. चिरंजीवांचा साऱ्या इमारतीला ठाऊक आहे.

कन्येचा मला ठाऊक नाही. तिने सांगितला नाही आणि मी विचारला नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या आईला हे सोपे जात नाही, हे आया जाणतात. तिच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत दिसतो. दाराशी माझी पावले थोडी घुटमळतात, आणि मग मी पुढे जाते. सांगायचे ते ती सांगेल. त्या रात्री ओट्याशी येऊन उभी राहिली होती, तशी.